अर्ध्या गावाची चतुःसीमा

१

नळी उघडली आणि आत अर्धंच गाव होतं.

सोमवारची सकाळ. न्युरेम्बर्गमधल्या त्या दोन खोल्यांत चौघंजण टेबलाभोवती वाकून उभे होते. पुठ्ठ्याच्या लांब नळीतून निघालेला कागद टेबलावर पसरला होता, आणि त्यावर खालची आळी अगदी जागच्या जागी होती. तळं होतं, तळ्याकाठचं जमीनदाराचं मोठं घर होतं, शेजारी पाणचक्की होती, चर्चचा छोटा क्रूस होता. वरची आळी मात्र नव्हती. तिचा कागद वेगळा होता, आणि तो नळीत नव्हता.

गावाचं नाव यासेन्का. सीमेपलीकडे, चेक देशात, दोन डोंगरांच्या कुशीत ओढ्याच्या काठानं लांबट पसरलेलं. कधीकाळी अडतीस घरं, दोनशे अकरा माणसं, बोली जर्मन. १९४६ साली, महायुद्धानंतर जर्मनांना देशाबाहेर काढलं तेव्हा, सगळ्यांना गाव सोडावं लागलं. पुढे सीमा आवळली गेली, रिकामी घरं पाडली गेली, उरली सहा. निघताना माणसांनी जे उचलता आलं ते आणलं: एक घंटा, दोन रजया, लग्नाचे फोटो, लोणी काढायची रवी. ते सगळं ज्या दोन खोल्यांत ठेवलं होतं त्यांना इथे ‘हाइमाटश्टुबे’ म्हणत. सुटलेल्या गावाच्या आठवणींची खोली.

जानेवारीत नेकारसुल्मच्या एका बाईंनी आपल्या माळ्यावर सापडलेला नकाशा मंडळाला पाठवला. त्यांचे आजोबा यासेन्काचे शाळामास्तर. १९३१ साली त्यांनी दोन कागदांवर शाईनं अख्खं गाव काढलं होतं. पत्रात बाईंनी आजोबांकडून ऐकलेलं लिहिलं होतं, की खालच्या कागदावर फक्त घरांचे नंबर आहेत, पण वरच्या कागदाच्या कडेला मास्तरांनी प्रत्येक नंबरापुढे घरातल्या माणसांची नावं लिहिली आहेत. कागद इतके कडक झाले होते, की ओलाव्यात ठेवून मऊ करायलाच दोन महिने गेले. तोवर कुणी ते उलगडलेच नव्हते.

“शेवटची सही कुणाची आहे?” मंडळाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, आलोईस क्रॉइस यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी रजिस्टर फिरवून सगळ्यांसमोर धरलं.

गुरुवार, दुपारी तीन. वल्लरी.

“मी फक्त खालचा कागद उलगडला होता,” वल्लरी म्हणाली. “वरचा आज उघडून स्कॅन करायचं ठरलं होतं. तुमच्यासमोरच ठरलं होतं, हेर क्रॉइस. मी दोन्ही परत ठेवले.”

“असं तुम्ही म्हणता.”

यासेन्काची घरं आणि शेतांची नावं हा वल्लरीच्या डॉक्टरेटचा विषय. चार वर्षं ती या खोल्यांत येत होती, इथल्या आज्यांच्या हातचा केक खात होती. आणि आता त्याच आज्या तिच्याकडे न बघता कपबशा आवरत होत्या.

“बुधवारी चार वाजता मंडळाची बैठक,” क्रॉइस म्हणाले. “तोवर कागद आला नाही, तर तुमच्या प्रोफेसरांना पत्र जाईल. आणि पोलिसांनाही.”

कागद चोरणारी मुलगी. हे एकदा नावाला चिकटलं, की जर्मनीतलं कुठलंही दफ्तर तिला पुन्हा दार उघडणार नव्हतं. चार वर्षं पाण्यात, आणि नाव मातीत.

२

“काय होतं त्या कागदावर?”

सुधाबाईंनी विचारलं ते एवढंच. सून रडतेय, मुलगा निहार लॅपटॉप बाजूला सारून “वकील बघूया का” म्हणतोय, आणि ह्या आपल्या मटार सोलतायत. उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे आलेल्या. कोरेगाव तालुक्यात भूमी अभिलेखमध्ये तेहतीस वर्षं मोजणी करून निवृत्त झालेल्या. भर उन्हात बांधावरून साखळी ओढणारी तालुक्यातली पहिली बाई.

“अहो आई, कागद गेलाय हे महत्त्वाचं आहे. त्यावर काय होतं ते काय करायचंय?”

“अगं, असं कसं? तेहतीस वर्षांत माझ्या दफ्तरातून तीन नकाशे नाहीसे झाले. तिन्ही सापडले. कागदासाठी कागद कुणी नेत नाही गं. एखादी रेघ नकोशी असते, म्हणून नेतात.” त्यांनी एक शेंग मोडली. “दोन कागद होते. एक नेला, एक ठेवला. विकायचा असता तर दोन्ही नेले असते. गावाला परत द्यायचा असता तरी दोन्ही नेले असते. नेलेल्या कागदावर असं काय होतं, जे ठेवलेल्यावर नाही?”

वल्लरीनं डोळे पुसले. “वरची आळी. शाळा. आणि नावं.”

“नावं,” सुधाबाई म्हणाल्या, आणि मटार सोलायचे थांबल्या. “कुठल्या नंबरात कोण राहत होतं ते.”

“हो. ते इतर कुठेच लिहिलेलं नाही. शनिवारी यासेन्कात उभ्या आणि पाडलेल्या, दोन्ही घरांपाशी दगड बसवणार आहेत, नंबर आणि नाव कोरून. आत्तापर्यंत घरच्यांनी जे सांगितलं तेच धरलंय. मास्तरांच्या यादीवरून पडताळून घ्यायचं होतं.”

“मग सोपं आहे. ज्याचं नाव त्याच्या नंबरापुढे नाही, त्यानं नेला. तुझं नाव त्या यादीत असायचं कारणच नाही. तू सुटलीस.”

“आई, हे बैठकीत सांगितलं तर हसतील!”

“नुसतं सांगायचं नाही. मोजून दाखवायचं. नळी ठेवलेल्या कपाटाची किल्ली कुणाकुणाला ठाऊक?”

“चहाच्या डब्यामागे असते. सगळ्यांनाच. पण गुरुवार ते सोमवार आत गेलेले तिघंच. क्रॉइस. हेडविग पोल, त्या आज्जी, यासेन्कात जन्मलेल्या. आणि मार्केता, तिथे राहणारी मास्तरीण. ती शुक्रवारी आली होती, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की हा नकाशा खरं तर यासेन्कात हवा.”

“तिघांचेही जबाब घेऊ. उद्याच.”

“आई,” निहार म्हणाला, “इथे असं कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येत नाही. टेर्मिन घ्यावा लागतो.”

“टेर्मिन म्हणजे तारीखच ना रे? जन्मभर लोकांना मोजणीच्या तारखा दिल्यात मी. लाव फोन.”

३

हेडविग पोल सत्त्याऐंशी वर्षांच्या. सगळं आयुष्य कोलोनला गेलं, मुलीजवळ राहायचं म्हणून गेल्या वर्षीच न्युरेम्बर्गला आल्या. त्यांनी वल्लरीला दारातच जवळ घेतलं. “तो क्रॉइस म्हणतो, तू माझ्याशी बोलायचं नाही. मी म्हटलं, माझ्या घरात माझा कायदा. आल्झो... बरं, ह्या कोण?”

“माझ्या सासूबाई.”

“सासू!” आज्जींनी सुधाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि तुझ्या बाजूनं आहेत?”

वल्लरीनं हे मराठीत सांगितलं तेव्हा सुधाबाई खळखळून हसल्या. “त्यांना सांग, सुनेचं नाव गेलं तर घराचंच जातं. आता विचार, त्यांच्या घराच्या पूर्वेला काय होतं?”

“पूर्वेला?”

“चतुःसीमा घ्यायची. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. कुठे होतात, काय करत होतात, हे विचारलं की माणूस सावध होतो. घराच्या चारी बाजूंना काय होतं विचार, माणूस घरी जातो.”

आणि आज्जी खरंच घरी गेल्या. डोळे मिटले, हात पुढे आले, जणू अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत होत्या. नंबर सतरा, पाणचक्की. उत्तरेला तळ्याचा बांध, त्यावर बदकं. पश्चिमेला ओढा, अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू यायचा. दक्षिणेला गवताचं कुरण. पूर्वेला होफ, जमीनदाराचं घर, नंबर एक.

“सतराच्या शेजारी एक?” सुधाबाईंनी विचारलं.

“तिकडे नंबर रस्त्यानं पुढे जात नाहीत, आई,” वल्लरी म्हणाली. “अडीचशे वर्षांपूर्वी राणीच्या हुकुमानं घरं मोजली. मग जे घर नवं बांधलं, त्याला पुढचा नंबर. जागा कुठेही असो.”

“बरं झालं. म्हणजे अंदाजानं कुणाला ठोकता येणार नाही.” सुधाबाईंनी वहीत चौकोन काढला, चार बाजूंना चार शब्द लिहिले. “होफमध्ये कोण राहायचं?”

“होफवाले.”

“आडनाव?”

आज्जी गोंधळल्या. “आडनाव कुणाला ठाऊक? मी आठ वर्षांची होते. आम्ही घराच्या नावानं हाक मारायचो. आम्ही म्युलवाले, म्हणजे चक्कीवाले, ते होफवाले. शाळेत सुद्धा मला कुणी पोल म्हटलं नाही.” मग त्या खुदकन हसल्या. “होफमध्ये दोन मुली होत्या, आणि एक पांढरी हंसी. आमच्या दारात येऊन चावायची.”

जिन्यात सुधाबाई थांबल्या. “बघितलंस? आडनाव गावात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे ऐंशी वर्षं कुणीही कुठल्याही नंबरावर बसावं, खोडून काढणारं कोण? एकटी मास्तरांची यादी.”

४

हेर क्रॉइस निवृत्त इंजिनीअर. इंग्रजी चोख, शर्टाची घडी त्याहून चोख. जन्म न्युरेम्बर्गचा, गाव पाहिलं होतं ते वडिलांनी आणि आजोबांनी. आठवणींच्या खोलीत त्यांच्या खुर्चीमागे होफचा मोठा फोटो होता, आणि त्याखाली पितळी पट्टी: नंबर १, क्रॉइस घराणं.

“मॅडम, हे पोलिसांचं काम आहे,” ते म्हणाले. “आणि आरोपी स्वतःच सोबत आलीय.”

“मी पोलीस नाही. जमीन मोजणारी आहे,” सुधाबाई इंग्रजीत म्हणाल्या. “तुमच्या गावाबद्दल सुनेकडून ऐकते. वडील सांगत असतील ना घराबद्दल? चारी बाजूंना काय होतं?”

क्रॉइसांचा चेहरा सैलावला. ज्या गोष्टी बापाच्या मांडीवर ऐकलेल्या असतात, त्या सांगताना माणसाचं वय उतरतं.

“दर रविवारी सांगायचे. पश्चिमेला ओढा. पूर्वेला उतार, त्यावर बर्चची झाडं. दक्षिणेला शाळेची बाग. मास्तरांची नासपती खाल्ली म्हणून वडिलांनी मार खाल्ला होता.” ते हसले. “आणि उत्तरेला गुरांची वाट. रोज पहाटे सगळ्या गावाची गुरं आमच्या दारावरून चरायला जायची. गावात पहिलं ऊन पडायचं ते आमच्या खिडकीवर.”

“वा. नंबर?”

त्यांनी कॉलर नीट केली. मग बोट मागच्या पट्टीकडे गेलं. “एक.”

“इथे सही करा.”

“कशासाठी?”

“जबाब आहे. आमच्याकडे सही घेतल्याशिवाय हद्द धरत नाहीत.”

सही करायला नाही म्हणणं ह्या माणसाच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वाचलं, तारीख टाकली, सही केली.

बाहेर ट्रामच्या थांब्यावर वल्लरी म्हणाली, “आई, किती प्रेमानं बोलले हो. मला त्यांच्यावर रागावताही येईना.”

“रागवायचं काय? चतुःसीमेत एक शब्द खोटा बोलले नाहीत ते.” सुधाबाई वहीतला दुसरा चौकोन पाहत होत्या. “पण वल्लरी, तुझ्या त्या खालच्या कागदावर होफ कशाच्या काठी आहे?”

“तळ्याच्या.”

“मग त्यांच्या बापाला तळं कसं आठवलं नाही?”

५

मार्केताचा जबाब फोनवर घेतला, पण घेतला तो तिच्या अंगणात. यासेन्कात भर दुपार होती. उरलेल्या सहा घरांपैकी एक, नंबर अठ्ठावीस, वरच्या आळीत. तिथे ती राहत होती, आणि फोन हातात धरून घराभोवती चालत होती. न्युरेम्बर्गच्या स्वयंपाकघरात दोन डोकी पडद्यावर वाकली होती.

“माझ्यावर संशय आहे ना?” ती जर्मनमध्ये सरळच म्हणाली. “असणारच. मी जुन्या जर्मन घरात राहते. लोकांना वाटतं, आम्हाला यादीची भीती आहे. की कुणी येऊन म्हणेल, हे माझं.”

सुधाबाईंनी कानाजवळून माशी हाकलावी तसा हात हलवला. “चतुःसीमा विचार.”

“पश्चिमेला हा ओढा. पूर्वेला बघा, बर्चचा उतार. दक्षिणेला चर्चचं मैदान. आणि एक सांगून टाकते, माझं कुंपण चर्चच्या हद्दीत मीटरभर गेलंय. आजीनं घातलेलं. मी अजून मागे घेतलं नाही.”

“ही नाही,” सुधाबाई पुटपुटल्या. “स्वतःचं अतिक्रमण स्वतः सांगणारा माणूस तेहतीस वर्षांत मला भेटला नव्हता. आता उत्तर.”

फोन वळला. “उत्तरेला शाळेची बाग. शाळा पडली, पण ही नासपतीची झाडं बघा, अजून धरतात.”

वल्लरीच्या हातातली पेन्सिल थांबली.

“बागेच्या पलीकडे?” आता विचारणारी तीच होती. “मार्केता, अजून पुढे जा ना.”

पडद्यावर खाजऱ्या पानांची झुडपं हलली. एक दगडांचा ढीग, त्यात उगवलेलं एल्डरचं झाड. “इथे काहीतरी घर होतं. कुठला नंबर ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून दगड ठेवणार नव्हतो. आणि ही त्याच्या उत्तरेची पाऊलवाट. वर हुटवाइडेला जाते.”

“हुटवाइडे म्हणजे?” सुधाबाई.

वल्लरी त्यांच्याकडे वळली. हा शब्द तिनं प्रबंधात शंभरदा लिहिला होता, आणि त्याला मराठी शब्द आहे हे तिला आज पहिल्यांदा सुचत होतं.

“गायरान, आई. अख्ख्या गावाचं गायरान.”

“आणि गायरानाच्या तोंडाशी,” सुधाबाई सावकाश म्हणाल्या, “घर कुणाचं असतं?”

वल्लरीनं क्रॉइसांची सही असलेला चौकोन उचलला आणि मार्केताच्या चौकोनाच्या वर, नासपतीच्या बागेपलीकडे ठेवला. पश्चिमेला ओढा, ओढ्याला ओढा लागला. पूर्वेला बर्च, बर्चला बर्च लागले. दक्षिणेला बाग. उत्तरेला गुरांची वाट. कुठेही सांध राहिली नाही.

सुधाबाई गुणगुणायला लागल्या. मोजणीवर बायका जबाब द्यायला यायच्या, त्या सरळ सांगायच्याच नाहीत, ओवीच म्हणायच्या:

“उगवतीला गं माझ्या डोंगराचा पदर,
मावळतीला पाणी वाहे, मधी माझं घर...”

“उद्या बैठकीत तुम्ही बोलायचं, आई,” वल्लरी म्हणाली.

“मी का? मोजणी झाली. वाचून तू दाखव. गाव तुझं आहे.”

६

बुधवारी चारला सात माणसं टेबलाशी बसली. प्रोफेसरांना लिहिलेलं पत्र टाइप होऊन क्रॉइसांच्या पुढ्यात होतं. फक्त सही बाकी.

“माझं म्हणणं ऐकून मग सही करा,” वल्लरी उभी राहून म्हणाली. चार वर्षांत तिचं जर्मन इतकं स्वच्छ कधीच निघालं नव्हतं.

तिनं खालचा कागद पसरला, आणि त्याच्या वरच्या कडेला सासूनं वहीच्या पानांवर काढलेले चौकोन मांडत गेली.

“चोरानं एकच कागद नेला. म्हणजे त्याला नकाशा नको होता. नको होती ती नावांची यादी. आपला नंबर म्हणून जो सांगत आलो, त्यापुढे दुसऱ्याचं नाव निघेल, ही भीती ज्याला होती, त्यानं तो नेला. म्हणून आम्ही सगळ्यांच्या घरांची चतुःसीमा घेतली. नियम एकच. मी जर म्हटलं माझ्या पूर्वेला तू, तर तुझ्या पश्चिमेला मी असलेच पाहिजे. हद्द दोन्हीकडून बोलावी लागते.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“फ्राउ पोल म्हणतात, त्यांच्या चक्कीच्या पूर्वेला होफ. नकाशाही तेच म्हणतो. म्हणजे होफच्या पश्चिमेला चक्की हवी. उत्तरेला तळं हवं. पण होफचे म्हणून जे सांगतात, त्यांच्या जबाबात ना चक्की आहे, ना तळं. त्यांच्या पश्चिमेला ओढा आहे. दक्षिणेला शाळेची बाग आहे, आणि शाळा तर वरच्या आळीत. पाव कोसावरची बाग कुणाच्या घराला लागून कशी असेल? असं घर गावात एकच. अठ्ठावीसच्या पलीकडे, बागेला लागून, गायरानाच्या वाटेवर.” तिनं शेवटचा चौकोन ठेवला. “सही खाली आहे, हेर क्रॉइस. तुम्ही खोटं बोलला नाहीत. वडिलांनी तुम्हाला सगळं खरं सांगितलं होतं. फक्त नंबर खोटा होता.”

क्रॉइसांचा चेहरा राखेसारखा झाला. खुर्चीमागे पितळी पट्टी चमकत होती.

आणि तेवढ्यात हेडविग आज्जींनी टेबलावर तळहात आपटला.

“गुरांची वाट! दारात होलरचं झाड!” एल्डरला त्यांच्या बोलीत होलर म्हणत, आणि योसेफला सेफ. “अरे, ते होलर-सेफचं घर! आलोईस, तू सेफचा नातू? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“गुराख्याचं घर,” क्रॉइस म्हणाले. “गावानं दिलेली एक खोली. स्वतःची वीतभर जमीन नाही. गुरुवारी तुम्ही सगळे गेल्यावर मी यादी उघडली. एकतीस, योसेफ क्रॉइस, गुराखी. वडील इथे निर्वासितांच्या छावणीत आले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. जो तो विचारायचा, तिकडे तुमचं काय होतं? त्यांनी सांगितलं, होफ. एकदा सांगितलं ते सांगितलं. मी चाळीस वर्षं भाषणांत तेच म्हणत आलो.”

“गुराखी!” आज्जी उठून उभ्या राहिल्या. वल्लरीनं आधाराला हात दिला, तो त्यांनी घट्ट धरला. “ऐका. १९४६. आम्हाला तासाभरात निघायला सांगितलं. गुरं गोठ्यात बांधलेली, दूध न काढलेली, हंबरत होती. सगळं गाव ट्रकमध्ये चढलं. एकटा सेफ चढला नाही. म्हणाला, ह्यांचं दूध कोण काढेल? दोन आठवडे मागे राहिला तो. अडतीस घरांच्या गोठ्यांतून फिरला, नवी माणसं येईपर्यंत. आईनं मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं. होफवाल्यांचं? ते पहिल्याच ट्रकमध्ये बसले होते!”

कुणीतरी हसलं. मग कुणी डोळे पुसले. क्रॉइस आज्जींकडे असे बघत होते, जणू कुणी त्यांच्या हातात त्यांचंच मूल आणून दिलं.

“हे मला कुणी सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“तू विचारलंस कधी?”

ते उठले. “कागद माझ्या गाडीत आहे. गुरुवारपासून. घरात नेववेना. जाळवेना.” दाराशी जाऊन परत फिरले, वल्लरीसमोर येऊन थांबले. टाइप केलेलं पत्र उचललं, चार तुकडे केले. “तुमच्या प्रोफेसरांना मी आज दुसरं पत्र लिहीन. काय झालं ते सगळं. माझ्या सहीनं.”

“अध्यक्षपद?” कुणीतरी विचारलं.

“ते तुम्ही ठरवा. आधी मी वरचं गाव घेऊन येतो.”

पाच मिनिटांत दोन्ही कागद टेबलावर शेजारी आले. तळ्यापासून गायरानापर्यंत, ओढा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर न अडखळता गेला. सातही माणसं खुर्च्या सारून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. ज्या आज्या सोमवारी नजर चुकवत होत्या, त्यांतली एक केकचा भला मोठा तुकडा घेऊन आली आणि वल्लरीच्या हातात बशी देऊन म्हणाली, “खा. आणि मला माफ कर.”

सुधाबाई भिंतीशी बसून होत्या. जर्मन त्यांना अवाक्षर कळलं नव्हतं. पण सुनेची पाठ कशी ताठ झाली, ते त्यांनी पाहिलं होतं.

७

शनिवारी यासेन्कात ऊन होतं. सध्याच्या एकोणीस गावकऱ्यांनी बाकडी मांडली होती, न्युरेम्बर्गहून आलेली बस चर्चच्या मैदानात उभी होती. सदतीस दगडांच्या जागा ठरलेल्या होत्या. अडतिसाव्यासाठी खाजऱ्या झुडपांत वल्लरी उतरली, हातात टेप, डोक्याला ओढणी.

“शाळेच्या कोपऱ्यापासून उत्तरेला एकतीस मीटर,” तिनं नकाशावरचं माप वाचलं. टेपचं दुसरं टोक क्रॉइसांनी धरलं होतं, गुडघ्यापर्यंत खाजऱ्या झुडपांत, चोख शर्टाची पर्वा न करता.

“टेप ताण!” बांधावरून सुधाबाई ओरडल्या. “मधे झोळ पडू देऊ नकोस! सासूसमोर मापात मार खाऊ नकोस!”

“ताणलाय हो, आई!”

“मग पुढे ओढ्याकडे सव्वाचार!”

वल्लरीनं टाच रोवली. “इथे. इथे दार असायला हवं.”

मार्केतानं पहार घातली. एकदा माती. दुसऱ्यांदा माती. तिसऱ्यांदा पहार टणकन वाजली, आणि तो आवाज ओढ्यावरून पलीकडच्या डोंगराला जाऊन आला. दहा हात माती उपसायला लागले. एक लांब, गुळगुळीत, मधोमध झिजलेला दगड उजेडात आला.

“उंबरा!” हेडविग आज्जी खुर्चीतून ओरडल्या. “सेफचा उंबरा!”

मैदानावरून लोक धावत आले. कुणी चेकमध्ये ओरडत होतं, कुणी जर्मनमध्ये, आणि एक आवाज खणखणीत मराठीत: “सुटली मोजणी! एक बोट इकडे नाही की तिकडे नाही!”

गर्दीतला एक म्हातारा चेक शेतकरी टोपी मागे सारून पुढे आला. मातीनं माखलेल्या, धापा टाकत हसणाऱ्या त्या परक्या मुलीकडे बघत त्यानं मार्केताला काहीतरी विचारलं. मार्केतानं ते जर्मनमध्ये सांगितलं: “विचारतायत, ही कोण?”

वल्लरी उत्तर देणार, तोवर क्रॉइसांनी देऊन टाकलं. गुराख्याच्या उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“ही? ही आमच्या गावची मोजणीदार.”